नलूचं नाव मी दिलं

१५ जानेवारी २००४, गुरुवार

संक्रांत. थंडी एवढी की खोबरेल बाटलीत दगड झालं. शेजारच्या सरदारणीला तिळगूळ नेऊन दिला, तिने लोहडीच्या उरलेल्या रेवड्या दिल्या. दोघींचं भागलं.

सूनबाई वैशाली (यापुढे वै. लिहिणार, एवढं नाव रोज कोण लिहीत बसेल) हिचं हळदीकुंकू रविवारी आहे. इथल्या मराठी मंडळातल्या बायका येणार. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणलेत आणि प्रत्येक डब्यात बँकेचा एक रंगीत कागद.

विचारलं, हा कशाला? तर म्हणाली, "आई, आपल्या ओळखीने कुणी क्रेडिट कार्ड घेतलं की बँक आपल्याला भेट देते. चार जणांची कार्डं मंजूर झाली की मायक्रोवेव्ह."

"कार्डाचं करायचं काय?"

"पैसे न देता दुकानातून वस्तू आणायची. नंतर भरायचे."

म्हणजे उधारी. आमच्या सिन्नरच्या वाण्याकडेही होती. गिऱ्हाईक आणून दिलं म्हणून त्याने कुणाला साधी वाटी नाही दिली.

१८ जाने., रविवार

ह.कुं. झालं. डॉक्टरांच्या बायका, युनिव्हर्सिटीवाल्या, फौजेतल्या, सगळ्या आल्या. वै. कुंकू लावता लावता कार्डाचं सांगत होती. एका हातात करंडा, एका हातात पेन. दोघींनी तिथेच नवऱ्यांचे नंबर दिले. आपली सून बोलायला गोड आहे, नाकारणार कोण.

मी आतल्या खोलीत. नात ईशा हिचे आजोबा गेल्यापासून मला कुंकवाचं काम नाही आणि बाहेर बसून लोकांच्या साड्या बघायची हौस नाही. नलू आली, कुंकू लावून घेतलं आणि ताटली घेऊन सरळ आत, माझ्या पलंगावर मांडी घालून बसली.

वै. ने हाक मारली, "कदमकाकू, बाहेर या ना, फोटो काढतोय."

"बाहेर विंग्रजी चाललंय बाई. मी हितंच बरी."

नलू मनीमाजऱ्याला राहते, आमच्या सेक्टरांच्या बाहेर, जुन्या वस्तीत. नवरा एअरफोर्समधून रिटायर झाला आणि इथेच राहिला, आता पंचकुल्याच्या एका कारखान्यात पहाऱ्याच्या माणसांवर साहेब आहे. मुलगी मनीषा नोकरी करते, लग्नाची आहे. नलू देशभर फिरली पण बोलणं कराडचंच. माझ्याहून बरीच लहान, तरी पहिल्या महिन्यातच अगं-तुगं झालं. दारातूनच ओरडते, "काय गं म्हातारे, हाईस का गेलीस?"

२३ जाने., शुक्र.

न. आली. दोघींनी मिळून मटार सोलले. अर्धे सोलले, अर्धे खाल्ले.

मनीषाला अंबाल्याचं स्थळ आहे. मुलगा मिलिटरीच्या दवाखान्यात औषधांचं बघतो. माणसं साताऱ्याकडचीच. पत्रिका जुळली, मुलीला बघून गेले, पाडव्यानंतर बोलणीला येणार. नलू म्हणते, इतक्या लांब येऊन आपल्यातलं स्थळ मिळालं, मी देवीला साडी बोललेय. म्हटलं, देवीला कशाला, मला नेसव, मी जवळ आहे. म्हणाली, "तुला कफनच बरं दिसंल." हसून हसून ठसका लागला दोघींना.

रात्री जेवताना वै. माझ्या लेकाला, सुनीलला म्हणाली, "काकू रोजच यायला लागल्यात का? मी शाळेतून दमून येते, घरात कुणीतरी बसलेलं असतंच." माझ्याकडे न बघता बोलली, पण आवाज माझ्यासाठी होता. सुनीलने वरण मागितलं. त्याला असल्या वेळी नेहमी वरण लागतं.

घर तिचं आहे. पण दिवसभर या घरात सुनील दवाखान्यात, ही शाळेत, ईशाला मराठीत विचारलं तर उत्तर हिंदीत. नलू येते तेवढंच माझं तोंड जेवणाशिवाय उघडतं.

३१ जाने., शनि.

वै. ची तीन कार्डं मंजूर झाली. चौथ्या मेजरबाईंच्या नवऱ्याची बदली निघाली, त्यांनी नाही म्हटलं. वै. चेहरा पाडून बसलीय. मायक्रोवेव्ह म्हणजे नक्की काय हे मी अजून बघितलेलं नाही, पण त्याच्यापायी घरात तीन दिवस भाजीला मीठ नाही.

३ फेब्रु., मंगळ.

मीच म्हटलं वै. ला, कदमांना विचार की. त्यांना पेन्शन आहे, पगार आहे. वै. चा चेहरा लगेच उजळला. "आई, मला सुचलंच नाही!"

मला दोन दिवसांपासून सुचलं होतं. कदमांचं कार्ड झालं तर नलू या घरात कामाची ठरेल. मग कुणी म्हणणार नाही रोज का येता.

दुपारी नलूला सांगितलं. ती म्हणाली, "ह्यांना न्हाई आवडायचं गं. उधारीचं नाव काढलं की उठून जात्यात."

"अगं नुसतं घेऊन पेटीत टाकायचं. वापरा म्हणतंय कोण? पोरीचं काम होईल."

मग म्हणाली, "तू म्हणतीस म्हणून."

१२ फेब्रु.

कदमांनी सही केली. नलूने कागद, फोटो, सगळं पदराखाली धरून आणलं, पावसात आणावं तसं. पाऊस नव्हता.

"हे म्हणाले, आयुष्यात उधारीचा चहा प्यालो नाय. मी म्हटलं, म्हातारीच्या सुनेचं काम हाय, करा गप सही."

वै. ने स्वतः पोहे केले तिच्यासाठी, वर खोबरं, कोथिंबीर. "काकू, रोज येत जा हं, आईंना करमत नाही तुमच्याशिवाय." नलू निघाल्यावर मला म्हणते, किती साध्या आहेत ना.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. रात्री पाय दुखले नाहीत.

२४ फेब्रु., मंगळ.

नलूने आज एक गंमत सांगितली. बँकेचा माणूस मोटरसायकलवर मनीमाजऱ्याला चौकशीला आला होता. कार्ड द्यायच्या आधी येतात म्हणे. नलू तेव्हा इथे माझ्याकडे होती, कदम ड्युटीवर, मनीषा ऑफिसात. दाराला कुलूप. मग त्याने गल्लीत चौकशी केली. घर स्वतःचं की भाड्याचं, खाणारी तोंडं किती, माणसं कशी आहेत, आणखी कुठल्या बँकेचं कुणी येतं का यांच्याकडे.

समोरच्या चोप्रीणबाईंनी संध्याकाळी विचारलं, "बहनजी, सब ठीक तो है? बैंकवाला आपको ढूँढ रहा था."

नलू हात नाचवून सांगत होती, "सगळ्या गल्लीला वाटतंय कदमांनी बँक लुटली!" मीही हसले. म्हटलं, लुटली असशील तर मला अर्धं दे.

९ मार्च

होळी होऊन गेली. अंबाल्याहून बोलणीची तारीख कळवणार होते, कळवली नाही. नलू म्हणते परीक्षेचे दिवस आहेत, धाकट्या मुलीची दहावी आहे त्यांच्या. तिचं तीच बोलते, तिचं तीच ऐकते. आज पहिल्यांदाच चहा अर्धा ठेवून गेली.

२१ मार्च, पाडवा

आजचं आजच लिहिते.

मंडळाचा कार्यक्रम होता. गुढी, गाणी, जेवण. वै. ची मैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, काय गं, झाला का तुझा मायक्रोवेव्ह? वै. हसत म्हणाली, "कुठला! सगळ्यांची कार्डं आली, फक्त कदमकाकांचं रिजेक्ट झालं. पत्ता मनीमाजऱ्याचा ना. तिथल्या जुन्या गल्ल्यांना देतच नाहीत म्हणे."

वाईट हेतूने नाही बोलली. दूध नासलं सांगावं तसं बोलली. पण ताटं हातात घेऊन सगळे उभे होते. सेक्टरवाले सगळे. एक जण हसून म्हणाला, काकांनी एवढी वर्षं देशाची विमानं सांभाळली, बँकेला कार्ड सांभाळतील असं वाटलं नाही होय! त्याला चेष्टाच करायची होती.

कदमभाऊजींनी श्रीखंडाची वाटी टेबलावर ठेवली. अगदी हळू. म्हणाले, "नलिनी, चल."

नलूने माझ्याकडे बघितलं. मी दुनियेला बोलते. भाजीवाल्याला, सुनेला, देवाला बोलते. तेवढ्या वेळात एक शब्द सापडला नाही मला. तिने पदर सावरला आणि गेली.

२२ मार्च

आली नाही.

२५ मार्च

आली नाही. वै. म्हणते तब्येत बिघडली असेल. म्हटलं, असेल. दुपारी दोन कप चहा टाकला आणि दोन्ही मीच प्याले, फेकायचा कशाला.

२ एप्रिल

वै. च्या शाळेतल्या एका मास्तरांचं कार्ड झालं. चार पुरी झाली.

मी वै. ला म्हटलं, कदमांना फोन करून माफी माग. ती रडायला लागली. "मी मुद्दाम बोलले का आई?"

"मुद्दाम बोलली असतीस तर मला तुला झोडपता तरी आलं असतं."

तिने फोन केला. कदमांनी उचलला. हो हो म्हणाले, काही नाही म्हणाले, ठेवला.

११ एप्रिल, रविवार

सुनील मनीषाला बाजारात भेटला. अंबाल्याचं मोडलं. कळवलंय की पत्रिका जुळत नाही.

जानेवारीत जुळली होती ती पत्रिका. ग्रहांनी बदल्या घेतल्या का मिलिटरीसारख्या?

मनीषा त्याला म्हणाली, त्यांचे कुणीतरी नातलग आमच्या गल्लीत चौकशीला येऊन गेले होते, लग्नाआधी करतात तशी. चोप्रा आंटींनी त्यांना सांगितलं, माणसं चांगली आहेत, पण बँकवाले शोधत होते. वाईट मनाने सांगितलं नाही, काळजीने सांगितलं म्हणे.

सुनील म्हणतो, तेच कारण असेल असं नाही, आई. नसेल. कोणी सांगितलंय का की नाही म्हणून?

त्या दिवशी नलू घरी असती तर तिने त्या माणसाला पाणी दिलं असतं, चहा दिला असता, तो दोन मिनिटांत गेला असता. गल्लीत विचारायची वेळच आली नसती. ती माझ्याकडे होती.

१९ एप्रिल

मायक्रोवेव्ह आला. पांढरा, टीव्हीसारखा. आत बल्ब, ताट गोल फिरतं. सगळे उभं राहून बघत होते. वै. ने माझ्यासाठी चहा गरम करून दिला. कप पोळतो, चहा कोमट. बघून घेतला एकदाचा.

६ मे

फोन केला. महिन्याभरात तीन वेळा. एकदा कदमभाऊजी, "घरी नाही ताई." एकदा मनीषा, "आई झोपलीय आजी." आज उचलून कुणी बोललंच नाही. मागे कुकरची शिट्टी. मी म्हटलं, नलू, मी बोलतेय. ठेवला.

झोपलीय म्हणे. दुपारी झोपणाऱ्या बायकांना ती आळशी म्हणायची.

१० जून, गुरुवार

ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं. वै. शाळेच्या कामाला गेली, मी ऑटो केली. ऑटोवाल्याला म्हटलं, मनीमाजरा, पुरानी गली, जहाँ टेलर है. तो म्हणाला, "माताजी, टेलर तो हर गली में है." फिरवलं पण त्याने बापड्याने, सापडेपर्यंत. जिना चढून गेले. कैरीचं लोणचं नेलं होतं, तिला आवडतं ते, मेथीचं.

नलूने दार उघडलं. वाळलीय.

म्हटलं, "आत घेतेस का इथूनच पाठवतेस?"

तिने दार पूर्ण उघडलं. म्हणाली, "आइए जी. बैठिए."

मला वाटलं आत कुणी पाहुणं आहे, त्यांच्यासाठी हिंदी बोलतेय. आत कुणी नव्हतं. पंखा होता.

"पानी लेंगी आप?"

मी मराठीत बोलत राहिले. म्हटलं, नलू, चूक झाली. नाव मी सुचवलं. सुनेने नाही, मी. तू माझ्याकडे येतेस ते तिला खपत नव्हतं, म्हणून मी तुला कामाची करायला गेले. तू रोज येत राहावीस म्हणून केलं मी ते. सगळं सांगितलं. इतकं सलग मी कुणाशी बोलले नसेन.

ती ऐकत होती. डोळे खाली. म्हणाली, "कोई बात नहीं जी. जो होना था हो गया. चाय बनाऊँ?"

गॅसवाल्याशी बोलतात तसं. त्याच्याशीसुद्धा ती याहून बरं बोलते, त्याला भावा म्हणते.

"शिव्या दे की गं," म्हटलं.

"नहीं जी."

शिव्या द्यायच्या तर तिला मराठीत द्याव्या लागल्या असत्या. तेवढंही दिलं नाही मला.

लोणचं ठेवून आले. जिन्यात कठडा नाही त्यांच्या. कसं राहतात.

११ जून

काही नाही.

३० जून

सुनीलला सांगितलं नव्हतं, ऑटोवाल्याने सांगितलं असणार, तो याच सेक्टरचा. सुनील म्हणाला, "आई, एवढ्या उन्हात एकटी जाऊ नकोस." का गेलीस, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगणार होते.

१७ जुलै, शनि.

ईशाने आज मराठीत विचारलं, "आजी, तू रडली काय?"

"रडलीस का, म्हणतात. कांदा चिरतेय."

तिने ओट्यावर बघितलं. भेंडी होती. शहाणी आहे. माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि शाळेतलं काहीतरी सांगत राहिली, अर्धं हिंदी अर्धं मराठी, चुका करत. पहिल्या चारपाच सुधारल्या. मग सोडून दिलं.

८ ऑगस्ट

वै. आता दुपारी लवकर येते. माझ्याजवळ बसते, मोबाइल बाजूला ठेवून. परवा म्हणाली, "आई, मंडळात नवीन एक आजी आल्यात, नागपूरच्या. बोलावू का त्यांना एकदा?"

बायको मेली तर दुसरी करतात तसं चाललंय. म्हटलं, मला नको. लगेच वाईट वाटलं. पोर तिच्या परीने करतेय. तिला बँकेचा फोन आला होता परवा, आणखी नावं द्या, आता सुटकेस आहे. तिने काट् करून ठेवला. मला दाखवायला नाही, मी दाराआड होते.

पुन्हा बोलले तिला जेवताना कशावरून तरी. सवय.

१८ सप्टें., गणपती

मंडळाच्या गणपतीला कदमांकडचे तिघं आले होते. आले हेच खूप. कदमभाऊजींनी मला लांबून नमस्कार केला, पहाऱ्यावरच्या फौजी माणसासारखा. नलू बायकांच्या दुसऱ्या टोकाला. आरती म्हणत होती. तिचा आवाज सगळ्यांत वर जातो, आधीपासूनच. मी डोळे मिटून उभी होते. गणपतीला वाटलं असेल, म्हातारी भाविक झाली.

संपल्यावर मनीषा येऊन पाया पडली. "आजी, कशा आहात?"

"जिवंत. तुझी आई?"

"ती तुमचं नाव काढत नाही, आजी. चांगलं पण नाही, वाईट पण नाही. मी सांगितलं तिला की अंबाल्याचं मोडलं म्हणून मला काही वाटत नाही. मला तो आवडलाच नव्हता."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझं नाही गं ते."

म्हणजे कुणाचं? विचारणार होते, तेवढ्यात प्रसादाची गर्दी झाली.

११ ऑक्टो.

अंगात ताप. सुनीलने रक्त तपासलं, काही नाही म्हणाला. त्याला रक्तात दिसतं तेवढंच दिसतं. तीन दिवस पडून. एकदा दार वाजलं आणि मी उठून बसले. इस्त्रीवाला.

१६ नोव्हें., मंगळ.

मनीषाचं ठरलं. तिच्या ऑफिसातलाच मुलगा, पंजाबी, घर पंचकुल्याला. सुनीलला कुणीतरी दवाखान्यात सांगितलं. तो खुशीत घरी आला. "बघ आई, झालं ना सगळं चांगलं? उगीच जिवाला लावून घेत होतीस."

मुलीचं चांगलं झालं. देव तिला सुखात ठेवो. मी मुलीबद्दल लावून घेतलंच नव्हतं.

२४ नोव्हें.

पत्रिका आली. पोस्टाने.

वै. ने चौकशी केली. डॉक्टरबाईंकडे दोघं नवराबायको स्वतः जाऊन आले. हळदीच्या अक्षता पत्रिकेवर ठेवून, ओटी भरून. युनिव्हर्सिटीतल्यांकडेही. मंडळात एकही घर सोडलं नाही. आमच्याकडे पोस्टमन आला. वर सुनीलचं नाव इंग्रजीत, पुढे फॅमिली. त्या फॅमिलीत मी.

पाकीट उलटं करून झटकून बघितलं. अक्षतेचा एक दाणाही नव्हता. पोस्टाने अक्षता पाठवतात का लोक? पाठवतात. सिन्नरहून येतात मला.

पण मग बोलवायचं नसतं तर पत्रिका तरी का टाकली? रीत म्हणून? नलू कधीपासून रीत पाळायला लागली? रीत पाळणारी असती तर त्या ह.कुं. ला बाहेर फोटोत उभी राहिली असती.

वै. म्हणाली, आहेर काय द्यायचा? म्हटलं, मायक्रोवेव्ह दे. ती इतकी दचकली की मला हसू आलं. किती महिन्यांनी.

३० नोव्हें.

वै. म्हणते, आपण सगळे जाऊ. सुनील म्हणतो, आई, तुला वाटेल तसं. ईशाला मेंदी काढायचीय.

मी म्हटलं, घरातली मोठी माणसं अक्षतेशिवाय जात नाहीत. वै. म्हणाली, "आई, आता कोण धरतं हे?"

मी धरते. आणि नलू धरते. आम्हा दोघींना ठाऊक आहे त्याचा अर्थ काय ते. नाहीतर तिने तेच का वगळलं असतं?

५ डिसेंबर, रविवार

लग्न आज दुपारी.

वै. ने माझी जांभळी साडी काढून ठेवली होती, नेसले. नेसले म्हणजे जाणार असं नाही. नेसायला तासभर लागतो म्हणून आधी नेसून ठेवली.

गेले आणि ती म्हणाली "आइए जी", तर त्या मांडवात दोनशे पंजाब्यांत मी बसायचं कुठे? हात जोडून "नमस्ते जी" म्हणायचं आणि पनीर खाऊन परत यायचं? त्या दिवशी ऐकलं ते एकदा ऐकलं. कार्यात, सनई चालू असताना पुन्हा ऐकायचं...

नाही गेले तर ती दाराकडे बघेल का? की आमचे तिघंच दिसले की सुटले म्हणेल? हे मला कुणी येऊन सांगणार नाही. सुनीलला दिसणार नाही, त्याला कधी दिसत नाही. वै. ला दिसलं तरी मला बरं वाटावं असंच सांगेल.

मुलीची आई आज सकाळपासून उपाशी असेल. तिला पित्ताचा त्रास आहे, रिकाम्या पोटी डोकं धरून बसते. दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल का? मनीषा आज नवरी, कदम पुरुषमाणूस. दोन बिस्किटं खाल्लीस का, असं कोण विचारणार तिला, कोणत्याही भाषेत.

सुनील खालून हॉर्न वाजवतोय. ईशा जिन्यातून ओरडली, "आजी, चलो ना, लेट हो रहा है!" वै. दोनदा दारात येऊन गेली. माझा निऱ्यांचा घोळ सारखा करून गेली.

चपला घातल्यात. पलंगावर बसलेय.